ठिपके नसलेला नकाशा

नोकरीत मला सगळ्यात जास्त धास्ती कसली वाटायची, असं कुणी विचारलं की त्यांना वाटतं मी वादळ म्हणेन, गारपीट म्हणेन. नाही हो. मला धास्ती वाटायची ती दिवाळीच्या दिवसांत एखाद्या दुपारी समोर आलेल्या स्वच्छ नकाशाची.

दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात माझी हयात गेली, आणि त्यातली शेवटची वर्षं धुरात गेली. अगदी शब्दशः. पंजाब-हरियाणात भात कापला की शेतात जे खुंट आणि पेंढा उरतो, त्याला इकडे पराली म्हणतात. गव्हासाठी रान लवकर मोकळं व्हावं म्हणून ती पेटवतात, आणि तिचा धूर वाऱ्याबरोबर दिल्लीवर येतो. तो कधी येणार, किती येणार, येऊन किती दिवस मुक्काम ठोकणार, हे आधी सांगायचं, हे आमच्या विभागाचं काम. माहेरच्यांना हे काम कधी नीट कळलं नाही. माझी पुण्याची वहिनी अजूनही चारचौघांत सांगते, "आमच्या वन्सं दिल्लीला हवा सोडतात." आता यावर काय बोलणार, कप्पाळ?

हवामानवाल्या बाईला गिऱ्हाइकं फुकट मिळतात. ओळखीतलं लग्न असलं की मुलीचा बाप फोन करणार, लॉन बुक करू की हॉल? पापड-कुरडया घालणाऱ्या बायका विचारणार, ऊन टिकेल ना? पण सगळ्यांवर कडी केली ती आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींनी. त्यांना दरवर्षी दिवाळी पहाट करायची असायची, आणि तीही उघड्या हिरवळीवर. मी हात जोडून सांगायचे, अहो, थंडीत जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची त्यामानानं उबदार. खालची हवा वर जाऊच शकत नाही, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी कोंडते. दुपारी उन्हानं ते झाकण जरा उचललं जातं, पण पहाटे ते अगदी आपल्या टाळूला टेकतं. म्हणजे चोवीस तासांत सगळ्यात घाण हवा कुठली, तर पहाटेची. आणि नेमकी तीच वेळ साधून आमची मंडळी उटणं लावून, नऊवारी नेसून, सतरंजीवर भूपाळी ऐकायला बसणार. सेक्रेटरी म्हणायचे, ताई, हॉलमध्ये पहाट कशी होईल? एका वर्षी तानपुऱ्यापेक्षा खोकल्याचाच सूर पक्का लागला होता. पुण्याची पहाट दिल्लीत आणायला निघालेल्या माणसाला कोण समजावणार?

हे हसण्यावारी नेता येत होतं. पुढचं मात्र येत नाही.

आधी आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे माझी भीती कळेल. आग बघायला आमच्याकडे उपग्रह आहेत. ज्यांची नजर तीक्ष्ण, ते ठरलेल्या वेळी डोक्यावरून जातात, साधारण दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. जिथे आग दिसेल तिथे नकाशावर लाल ठिपका. दुसरे आहेत ते सारखे बघत असतात, पण त्यांची नजर अधू. शेतातली छोटी आग त्यांना दिसत नाही. ठिपके किती आणि कुठे, यावरून कॉम्प्युटर धुराचा अंदाज करतो, त्यात वारा मिळवतो आणि उद्याची दिल्ली कशी असेल ते सांगतो. ठिपका नाही तर त्याच्या लेखी धूरही नाही.

हे गावोगाव कळलं. ठिपका उमटला की सरकारी माणूस दारात येतो, दंड होतो, केस होते. मग लोक उपग्रह जाईपर्यंत थांबायला लागले. जेवून, चहा पिऊन, निवांत काडी लावायला लागले. झालं! नकाशा स्वच्छ आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली काळीठिक्कर, असे दिवस यायला लागले. नकाशाभर ठिपके असले की मला निदान शत्रू दिसायचा. ते नसले की तो कुठे दडलाय तेच कळायचं नाही.

अशाच एका सोमवारी मला संगीताचा फोन आला.

संगीता ही साताऱ्याकडची पोरगी, नवरा संतोष फौजेत नाईक, इथे दिल्लीच्या छावणीत क्वार्टर मिळालेलं. मंडळाच्या हळदीकुंकवाला आमची ओळख झाली. मी हवेचं काम करते हे कळल्यावर तिनं मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "काकू, इथं आभाळ नेहमी असंच असतं का?" मला ती तेव्हाच आवडली. पुढे तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, तळहातावर मावेल अशी. कितीतरी दिवस ते लेकरू काचेच्या पेटीत होतं. जगलं, घरी आलं, पण फुप्फुसं कच्ची राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या हवेत हिला ठेवू नका, गावी न्या. आणि नेताना हवेचा बरा दिवस बघून न्या, धुराच्या दिवशी दाराबाहेरसुद्धा काढू नका. एकदा धूर बसला तर हिला पुन्हा नळीवर ठेवायची वेळ येईल, आणि मग काय होईल ते सांगता येणार नाही.

संगीतानं खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या, फटींत कापडाचे बोळे कोंबले होते. सासूबाई गावाहून आल्या होत्या. संतोषला रजा मिळत नव्हती, म्हणून दोघीच बाळाला घेऊन जाणार होत्या. तिकिटं होती बुधवारची. तिनं विचारलं, "काकू, बुधवारी हवा बरी आहे ना?"

माझ्यासमोर नकाशा होता. दोन दिवसांपासून कोरा करकरीत. कॉम्प्युटर म्हणत होता, बुधवारी काही वाईट नाही. हजार लोकांना मी त्याच आधारावर सांगितलं असतं. पण त्या लेकराचा प्रश्न आला आणि माझी जीभ रेटेना. सगळ्या शहराला सांगताना आम्ही 'शक्यता आहे' म्हणतो आणि सुटतो. एका आईला 'शक्यता आहे' म्हणून काय उपयोग? तिला हो किंवा नाही लागतं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

असं मन खायला लागलं की मी जगबीरला फोन करायचे. जगबीर पानिपतजवळचा. शहरात चादरी-ब्लँकेटचं दुकान आणि गावी भाताची शेती. संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं बस करून पानिपतच्या रणभूमीवर जातात, तिथे तो भेटला होता. हात जोडून म्हणाला होता, आम्हीसुद्धा मराठेच, लढाईनंतर मागे राहिलेल्यांचे. मराठीतला एकच शब्द त्याला येतो, ताई. हरियाणात ताई म्हणजे थोरली काकू, तेव्हा त्याच्या मनात मी बहीण आहे की काकू, हे मी कधी विचारलं नाही. पण भाऊबीजेला त्याचा फोन कधी चुकला नाही. मी त्याला म्हणायचे, गच्चीवर जा आणि चारी दिशांना बघून सांग. तो जायचा, बघायचा आणि सांगायचा. ऑफिसच्या लेखी त्याला काडीचीही किंमत नव्हती. ते माझं समाधान होतं.

त्या संध्याकाळी मात्र तो गच्चीवर गेलाच नाही. म्हणाला, क्यों पूछ रही हो, ताई? मी त्याला बाळाचं सांगितलं.

मग तो म्हणाला, "उसे कल ही निकाल दो, ताई. कल दोपहर के बाद यहां सब लगाएंगे. मैं भी लगाऊंगा."

मी त्याला काय काय म्हटलं ते आता सांगत नाही. रागावले, विनवलं, दंडाची भीती घातली, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती असंही बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पेंढा गाडणारं मशीन सगळ्या गावात मिळून एक होतं आणि त्याचा नंबर यायला अजून बरेच दिवस होते. तोवर गव्हाची वेळ निघून जाणार होती. शेजारपाजारचे सगळे उद्यावर येऊन थांबले होते. तो एकटा थांबला असता तरी धूर थांबणार नव्हता. हे सगळं तो अगदी शांतपणे सांगत होता, आणि मला ते खोडता येत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाला, "मेरे भी पोते हैं, ताई. वो भी यहीं सांस लेते हैं."

मी संगीताला फोन केला आणि सांगितलं, उद्याच निघा. तिनं का म्हणून विचारलं नाही. बरं म्हणाली. तिच्या त्या विश्वासाचीच मला जास्त भीती वाटली.

मंगळवारी सकाळी मी मीटिंगमध्ये म्हटलं, आज संध्याकाळी पानिपतच्या बाजूला मोठ्या आगी लागतील, वारा वायव्येचा आहे, उद्या पहाटे झाकण खाली आलं की धूर आपल्यावर बसेल, बुलेटिनमध्ये घालू या. आमचे साहेब भला माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, सोर्स? मी म्हटलं, लोकल माहिती आहे. कुणाची? आता काय सांगू? जगबीरचं नाव घेतलं असतं तर दुपारच्या आत पोलीस त्याच्या दारात. ज्यानं खरं सांगितलं त्यालाच पहिल्यांदा बेड्या! मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही. साहेब म्हणाले, मॅडम, लोकांच्या सांगण्यावर बुलेटिन निघायला लागलं तर उद्या कोण विश्वास ठेवेल? त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एक वाक्य घातलं, की हवा काही ठिकाणी बिघडू शकते. ते वाक्य आम्ही हिवाळ्यात रोजच घालतो. ते कुणी वाचत नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्टेशन गाठलं. निवृत्तीनंतर आमचे हे गाडी फक्त भाजी आणायला काढतात. त्यांना म्हटलं, आज छावणीतून बाळ आणायचंय, काचा वर ठेवा आणि हॉर्न वाजवू नका. हॉर्नला हात न लावता त्यांनी तिघींना निजामुद्दीनला आणून सोडलं.

आणि आभाळ कसं होतं म्हणता? निळंशार. दिल्लीला वर्षातून मोजके दिवस मिळतं तसं. प्लॅटफॉर्मवर लख्ख ऊन, लोक हौसेनं आभाळाचे फोटो काढतायत. संगीताच्या सासूबाईंनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून सुनेला म्हणाल्या, "येवढं चांगलं ऊन पडलंय, आन् ह्या बाई म्हणत्यात धूर येतोय."

संतोष युनिफॉर्ममध्येच आला होता, तासाभराची परवानगी काढून. त्याला लगेच परत गेटच्या ड्यूटीवर जायचं होतं. धडपड करून त्यानं दोन बर्थ मिळवले होते, पण साध्या डब्यात आणि तेही दाराजवळचे. बाळाच्या अंगावर आपल्या हातानं शाल नीट केली आणि मग माझ्याकडे वळून तो अगदी अदबीनं म्हणाला, "बुधवारची तिकिटं एसीतली होती, मॅडम."

एवढंच. त्यात राग नव्हता, पण मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खरंच, मी काय करत होते? एका चादरीवाल्याच्या बोलण्यावर मी त्या कच्च्या लेकराला भरल्या डब्यात, संडासाशेजारी, उघड्या खिडकीशी बसवून दीड हजार किलोमीटर पाठवत होते. जगबीरचं मन रात्रीतून पालटलं असलं तर? वारा फिरला तर? वाटेत त्या बाळाला काही झालं तर संगीता मला कधी विचारणारही नव्हती, का पाठवलंत म्हणून. मी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. यांनी विचारलं, थंडी वाजतेय का? मी हो म्हटलं.

गाडी हलली. संगीतानं खिडकीतून बाळाचा इवलासा हात धरून हलवला. संतोष डब्याबरोबर प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथूनच निघून गेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जगबीर.

"बच्चा निकल गया, ताई?"

मला आधी कळलंच नाही तो का विचारतोय. मग कळलं. तो शेतावर उभा होता. थांबला होता. माझ्या तोंडून 'हो' येण्याची वाट बघत होता. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. गाडी लेट आहे म्हणावं, रद्द झाली म्हणावं, तेवढाच एक दिवस ढकलला जाईल. पण ज्या माणसानं मला खरं सांगितलं त्याच्याशी मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, हां, निकल गया. तो म्हणाला, अच्छा, रामराम. फोन बंद झाला, आणि मला वाटलं, काडी मीच ओढली.

मी तशीच ऑफिसला गेले. उपग्रह येऊन गेला होता. नकाशा स्वच्छ. साहेब माझ्या टेबलाशी थांबले, स्क्रीनकडे बघितलं आणि पुढे गेले. संध्याकाळपर्यंत मी खिडकीतून वायव्येकडे बघत बसले. काही नाही. स्वच्छ. सूर्य मावळला तोही अगदी सोज्वळपणे. म्हटलं, संपलं, मी त्या बाळाला उगाच हालात घातलं. घरी येऊन मी पानावर बसले आणि तशीच उठले.

सकाळी जाग आली ती वासानं. ओला पेंढा जळाल्याचा तो कडवट वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. खिडकी उघडली तर समोरची बिल्डिंग नव्हती. खालून शाळेच्या बसचा हॉर्न येत होता, बस दिसत नव्हती. यांचे डोळे चुरचुरायला लागले, शेजारच्या आजोबांच्या घरातून खोकल्याची ढास सुरू झाली ती थांबेचना.

आणि मला काय झालं सांगू? हायसं वाटलं. दोन कोटींच्या शहराचा गळा आवळला जात होता आणि मी खिडकीशी उभी राहून सुटकेचा श्वास घेत होते, तोही त्याच हवेचा. माझं खरं ठरलं होतं. त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. या नोकरीनं माणसाचं असं होतं. वाईट व्हावं असं वाटत नाही, पण सांगितलेलं वाईट झालं नाही तर चैनही पडत नाही.

ऑफिसात धावपळ उडाली. साहेबांनी मला आत बोलावलं, पण सोर्स पुन्हा विचारला नाही. शाळा बंद, बांधकामं बंद, नेहमीची सगळी फर्मानं सुटली. नवा अंदाज निघाला तो मी दोनदा तपासला. वारा पडला होता. पंजाबपासून दिल्लीपर्यंत कुठेच हालचाल नाही. आलेला धूर आता इथून हलणार नव्हता.

दुपारी संगीताचा फोन आला. गाडी मनमाडच्या पुढे आली होती. म्हणाली, "काकू, इकडं काय मस्त वारं आहे. बाळ दूध प्यालं, झोपलंय. आईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय." मागून गाडीचा खडखडाट येत होता. मी पदरानं डोळे पुसले. रडू येत होतं की धूर होता, कोण जाणे. तिला म्हटलं, सुखरूप पोच, बारशाला नाव काय ठेवतेस ते कळव.

मग तिनं विचारलं, "टीव्हीवर दिल्ली दाखवतायत असं डब्यातली माणसं म्हणतायत. काही दिसत नाही म्हणे. ह्यांची गेटवर ड्यूटी असते, काकू. दिवसभर उघड्यावर. वारा कधी सुटेल?"

अंदाज माझ्यासमोर होता. तिला शक्यता सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, इतक्यात नाही गं.

"बरं," ती म्हणाली. "मग वारा सुटेपर्यंत मी ह्यांना फोन करत नाही. बोलायला लागले की खोकला येतो त्यांना, मग थांबतच नाही. सुटला की तुम्हीच मला सांगा."

मी सांगते म्हटलं. पुढे कितीतरी दिवस वारा सुटला नाही.